जुन्या जीपचा क्लच : तारेकडून तेलाकडे



गेल्या वर्षीच्या पावसाळ्याअगोदरची गोष्ट. शाळा सुटण्याची वेळ होती. टिळकवाडीतील दुसरे रेल्वे गेट नुकतेच उघडले होते आणि दोन्ही बाजूंची वाहने नेहमीप्रमाणे एकदमच पुढे घुसत होती. माझे थोरले बंधू, ज्यांना आमच्या घरी सगळेच दादा म्हणतात, जांबोटी भागातील शेतावरून आपली जुनी जीप घेऊन शहरात आले होते. रुळांवर चढताना पुढची रिक्षा थांबली म्हणून त्यांनी क्लच दाबला. खाली कुठेतरी ‘टक्’ असा आवाज झाला. पेडल एकदम सैल पडले, जीपने एक हिसका दिला आणि इंजिन बंद पडले. पुढची चाके रुळांच्या पलीकडे, मागची अलीकडे.

गेटमनने लगेच लाल झेंडी दाखवून मागची वाहने अडवली. सायकलवरून घरी निघालेली आपल्याच शाळेची सात-आठ मुले तेथे होती. त्यांनी सायकली बाजूला टाकल्या, दादांनी गिअर न्यूट्रलमध्ये आणला आणि मुलांनी जीप ढकलून पलीकडे नेली. गाडी यायला अवकाश होता म्हणून निभावले. त्या मुलांचे कौतुक आपण प्रार्थनेच्या वेळी केलेच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांच्यातील एकाने मला विचारले, “सर, पेडल तर धडधाकट होतं, मग जीप का बंद पडली?” प्रश्न साधा होता. त्याचे पूर्ण उत्तर मिळण्यास आम्हाला दोन महिने लागले. हा लेख म्हणजे त्या दोन महिन्यांचा हिशेब आहे.

क्लच करतो काय?

इंजिन सुरू असताना सतत फिरते. चाके मात्र कधी फिरायची असतात, कधी थांबायची असतात. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक अशी जागा लागते की जेथे दोघांचा संबंध हवा तेव्हा तोडता येईल आणि हळूहळू जोडता येईल. ती जागा म्हणजे क्लच. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर क्लच प्लेट टेकलेली असते आणि प्रेशर प्लेटच्या मजबूत स्प्रिंगा तिला घट्ट दाबून धरतात. आपण पेडल दाबतो तेव्हा एक फोर्क, म्हणजे दुबेळक्यासारखा दांडा, रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, स्प्रिंगांचा दाब उचलला जातो आणि प्लेट मोकळी होते.

म्हणजे क्लच जोडलेला राहणे ही त्याची स्वाभाविक अवस्था आहे. तो तोडण्यासाठी आपल्याला जोर लावावा लागतो. गेटवर नेमके हेच घडले. पेडल आणि फोर्क यांना जोडणाऱ्या साखळीतील एक पिन झिजून अर्धी झाली होती, ती तुटली. दादांचा पाय खाली होता, पण त्याचा जोर फोर्कपर्यंत पोहोचलाच नाही. क्लच आपोआप जोडला गेला, जीप गिअरमध्ये होती आणि पाय ब्रेकवर होता. इंजिन बंद पडणारच.

जुनी जोडणी

दादांची जीप महिंद्रची सी.जे.-३बी आहे, १९७०च्या दशकातील. या जीपचे मूळ अमेरिकेतील विलीज कंपनीचे. दुसऱ्या महायुद्धात विलीजची जीप जगभर पोहोचली आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने ती भारतात जोडण्यास व पुढे बनविण्यास सुरुवात केली. आपल्या भागात पोलीस, वनखाते, साखर कारखाने आणि वडापवाले या सर्वांनी कधी ना कधी अशी जीप वापरली आहे.

या जीपमध्ये पेडल फळीच्या खाली, चेसिसवर बसवलेले असते. पेडलापासून एक दांडा निघतो. तो एका आडव्या नळीला फिरवतो. त्या नळीचे एक टोक चेसिसवर आणि दुसरे टोक इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला टेकलेले असते. नळीवरच्या दुसऱ्या दांडीपासून एक जाड तार निघते आणि ती फोर्कला ओढते. ही सर्व तरफांची मालिका आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण, वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे, मध्य प्रदेशात हिंदी माध्यमातून झाले. तेथे आम्ही तरफेला ‘उत्तोलक’ म्हणत असू. शब्द कोणताही असो, नियम एकच : जोर जितका वाढेल तितकी चाल कमी होईल.

दादांचा प्रश्न केवळ तुटलेल्या पिनचा नव्हता. त्यांच्या डाव्या गुडघ्याचे दुखणे वाढले होते आणि डॉक्टरांनी ‘जड क्लचची गाडी बंद करा’ असे सांगितले होते. घरातील तरुण मंडळी म्हणत होती, जीप विकून टाका. शेत मुख्य रस्त्यापासून आत चिखलवाटेवर आहे, तेथे पावसाळ्यात दुसरे वाहन जात नाही. दादा एवढेच म्हणाले, “जीप गेली की मी माझ्याच शेतावर पाहुणा.”

मग मी, आमचे उद्यमबागेतील ओळखीचे मेस्त्री आणि दहावीच्या विज्ञान मंडळातील सहा विद्यार्थी असे आम्ही कामाला लागलो.

आधी मोजमाप

मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितले, “हायड्रॉलिक करून टाकू की सर, पेडल लोण्यागत होतंय बघा.” मलाही तसेच वाटत होते. पण मुलांना शिकवायचे तर आधी मोजले पाहिजे. धान्याच्या एका व्यापाऱ्याकडून १०० किलोचा स्प्रिंगकाटा आणला आणि चार गोष्टी मोजल्या.

(१) क्लच पूर्ण सुटण्यासाठी फोर्कचे टोक १५ मिमी सरकावे लागते.
(२) त्यासाठी फोर्कच्या टोकाला सरासरी ६० किलो जोर लागतो.
(३) सुरुवातीची मोकळी चाल सोडून पेडल १०० मिमी सरकते.
(४) नवी पिन घातल्यावर, पण बाकी भाग जुनेच ठेवून, पेडलवर १७ किलो जोर लागतो.

(किलो हे खरे तर वस्तुमानाचे एकक आहे. बलाचे एकक न्यूटन. गॅरेजमध्ये किलोच चालतात म्हणून येथे तसे लिहिले आहे. परीक्षेत मात्र १ किलोग्रॅम-बल म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन हे विसरू नये.)

आता हिशेब पाहा. फोर्कपाशी होणारे कार्य ६० × १५ = ९००. पेडलची चाल १०० मिमी. म्हणजे कुठेही काही वाया गेले नाही तर पेडलवर ९०० ÷ १०० = ९ किलो जोर पुरे. प्रत्यक्षात लागत होते १७. उरलेले ८ किलो दादांचा गुडघा कोणासाठी सोसत होता?

ते घर्षणासाठी. पिना झिजलेल्या, बुश सुकलेले, भोके अंड्यासारखी लांबट, तार एका ठिकाणी घासत असलेली. मुलांनी जीपखाली जाऊन प्रत्येक सांधा हाताने हलवून पाहिला. बहुतेक सांध्यांत अर्धा ते एक मिमी ढिलाई होती.

मग मेस्त्रींना मी विनंती केली की आधी स्वस्त उपाय करू. सर्व पिना व बुश नवे घातले, ग्रीस भरले. जोर १७ वरून साडेतेरा किलोवर आला. थोडक्यात, ज्याच्या जुन्या गाडीचा क्लच जड झाला आहे त्याने प्रथम हेच करावे. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. दादांची जीप मात्र रोज चिखलातून जाते. महिन्याभरात सांध्यांत माती शिरली आणि स्प्रिंगकाटा पुन्हा साडेपंधरा दाखवू लागला.

इंजिन हलते, चेसिस हलत नाही

या जोडणीची दुसरी अडचण मुलांना जीप चालू असताना बॉनेट उघडून दाखवली. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते. ते सुरू असताना थरथरते आणि गाडी निघताना जोर पडला की एका बाजूला किंचित कलते. चेसिस मात्र जागच्या जागी. आपली आडवी नळी एका टोकाने चेसिसला आणि दुसऱ्या टोकाने इंजिनाच्या बाजूला जोडलेली. इंजिन कलले की नळी आणि तार दोन्ही ओढली जातात, म्हणजे चालकाने पाय न हलवताही क्लच थोडा दाबला किंवा सोडला जातो. त्यामुळे जोर बदलतो, जोर बदलल्याने इंजिन परत हलते, ते परत तार ओढते. चढावर जीप सुटताना जे धडधड झटके बसतात त्यांचे एक कारण हे आहे. गाद्यांचे रबर जुने झाले की झटके वाढतात.

येथे आमचा निर्णय झाला. आम्हाला अशी जोडणी हवी होती की जिला दोन टोके एकमेकांपासून थोडी हलली तरी फरक पडत नाही, आणि जिच्यात माती शिरण्यासारखे सांधे नाहीत.

पास्कलचा नियम

फ्रान्समधील ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांनी सांगितलेला नियम तुमच्या पुस्तकात आहे : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब द्रवात सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. नळी सरळ असो की वाकडी, दाबाला त्याचे काही नाही. १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले. पुढे तोच उपाय क्लचलाही लागू झाला.

आपल्याला हे समजून घेण्यासाठी इतके दूर जायला नको. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांत हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर बनतात. पॉलिहायड्रॉनसारख्या कंपनीमुळे या कामात बेळगावचे नाव देशभर झाले. तुमच्यापैकी अनेकांचे वडील, काका तेथे लेथवर उभे राहून जे काम करतात ते या नियमाचेच काम आहे. मराठीत ‘दाब’ म्हणा, आमच्या मेस्त्रींच्या कन्नड मदतनिसाप्रमाणे ‘ओत्तड’ म्हणा, तो नळीच्या दोन्ही टोकांना सारखाच असतो.

क्लचमध्ये दोन सिलिंडर लागतात. पेडलाजवळचा मास्टर सिलिंडर आणि फोर्कजवळचा स्लेव्ह सिलिंडर. दोघांमध्ये तेलाची नळी. मास्टरचा दट्ट्या तेल ढकलतो, ते तेल स्लेव्हचा दट्ट्या सरकवते. स्लेव्हचे क्षेत्रफळ मास्टरच्या जितके पट, तितके पट बल वाढते आणि तितकीच पट चाल कमी होते. तरफेचाच नियम येथेही आहे.

माझी चूक

येथे मला एक कबुली द्यायची आहे. मास्टर पाऊण इंची घ्यायचे ठरले होते. स्लेव्ह किती मोठा घ्यावा, असे मेस्त्रींनी विचारले तेव्हा मी तोऱ्यात सांगितले, “एक इंची घ्या. जितका मोठा तितके पेडल हलके.” दादांचा गुडघा डोळ्यासमोर होता. फळ्यावर मी बलाचा हिशेब करूनही दाखवला. क्षेत्रफळांचे गुणोत्तर व्यासांच्या वर्गांचे, म्हणून (४/३)² म्हणजे सुमारे १.७८. नव्या पेडलची तरफ ५ पट. पेडलवर जोर ६० ÷ १.७८ ÷ ५, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एक मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. ती म्हणाली, “सर, जोर कमी झाला तर चाल कुठून आणायची?” मी तिला ‘नंतर पाहू’ म्हणून बसवले. शिक्षकाने हे कधी करू नये.

सिलिंडर बसवले. पेडल खरोखर लोण्यासारखे झाले. दादांनी इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकला आणि गिअरबॉक्समधून जी करकर आली ती शेजारच्या गॅरेजातही ऐकू गेली असेल. क्लच पुरता सुटतच नव्हता. दोन-तीनदा प्रयत्न करून दादा खाली उतरले आणि काही न बोलता चहा प्यायला गेले.

त्या मुलीने फळ्यावर उरलेला हिशेब केला. पेडल फळीला टेकेपर्यंत उपयोगी चाल ११० मिमी. तरफ ५ पट, म्हणून मास्टरचा दट्ट्या सरकतो २२ मिमी. स्लेव्हचा दट्ट्या सरकतो २२ ÷ १.७८ = सुमारे १२.४ मिमी. लागतात १५. अडीच मिमीहून जास्त कमी पडले. पूर्ण १५ मिमी हवे असतील तर पेडल १३३ मिमी खाली जायला हवे, आणि तेवढी जागाच नाही.

मग सर्वांनी मिळून योग्य माप शोधले. स्लेव्ह ७/८ इंची घेतला. गुणोत्तर (७/६)² = ४९/३६, म्हणजे सुमारे १.३६.

मास्टरची चाल : १५ × १.३६ = सुमारे २०.४ मिमी.
पेडलची चाल : २०.४ × ५ = १०२ मिमी. (११० मध्ये बसते.)
मास्टरच्या दांड्यावर जोर : ६० ÷ १.३६ = सुमारे ४४ किलो.
पेडलवर जोर : ४४ ÷ ५ = सुमारे ८.८ किलो.
तेलातील दाब : ६० किलो ÷ ३.८८ चौ. सेमी = सुमारे १५.५ किलो प्रति चौ. सेमी, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या सात-आठ पट.

आता जुना आदर्श आकडा आठवा. तो ९ किलो होता. नवा ८.८. म्हणजे तेलाने आपल्याला फुकटात काहीही दिलेले नाही! फोर्कला तेवढेच कार्य लागते, पेडलची चाल जवळजवळ तेवढीच आहे, तर जोर वेगळा कसा येईल? हायड्रॉलिक केले की क्लच ‘आपोआप’ हलका होतो हा समज चुकीचा आहे. फरक पडतो तो वाया जाणाऱ्या जोरात. बसवून झाल्यावर स्प्रिंगकाट्याने मोजले तेव्हा पेडलवर ११ किलो लागले. पूर्वी ९ चे काम करायला १७ लागत होते, आता ८.८ चे काम करायला ११. मधले वाचले ते घर्षण वाचले.

बसवताना काय पाहिले

पहिली गोष्ट, स्लेव्ह सिलिंडर कुठे बसवावा? तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या कवचावर, म्हणजे बेल हाउसिंगवर बसवला. चेसिसवर बसवला असता तर इंजिन हलण्याचा जुना दोष तसाच राहिला असता आणि सगळी मेहनत फुकट गेली असती. आता स्लेव्ह आणि फोर्क दोघेही इंजिनाबरोबर हलतात. चेसिसवरील धातूची नळी आणि स्लेव्ह यांच्यामध्ये ब्रेकसाठी वापरतात तसा लवचीक होज टाकला, तो हलणे सोसून घेतो.

दुसरी गोष्ट, दिशा. जुनी तार फोर्कला ओढत असे, स्लेव्ह सिलिंडर ढकलतो. म्हणून त्याला फोर्कच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पुढे, जागा करावी लागली.

तिसरी गोष्ट, ब्रॅकेट. मास्टरवर ४४ किलोचा जोर येतो आणि तेवढाच उलटा जोर त्याच्या ब्रॅकेटवर येतो. (न्यूटनचा कितवा नियम?) पहिल्या वेळी वापरलेली ३ मिमीची पट्टी पेडल दाबताच डोळ्यांना दिसेल इतकी वाकत होती. ब्रॅकेट एक मिमी वाकला तर पेडलचे पाच मिमी वाया जातात. मग ६ मिमी पट्टीचा, त्रिकोणी आधार दिलेला ब्रॅकेट केला.

चौथी गोष्ट, मोकळी चाल. मास्टर सिलिंडरमध्ये तेलाच्या टाकीकडे जाणारे एक बारीक छिद्र असते. पेडल सोडल्यावर दट्ट्या पूर्ण मागे आला तरच ते उघडते. म्हणून दांडा आणि दट्ट्या यांच्यात सुमारे एक मिमी अंतर ठेवावे लागते. ते न ठेवल्यास इंजिनाच्या उष्णतेने तेल प्रसरण पावते, परत जायला वाट मिळत नाही, पेडलला पाय न लावताही क्लच किंचित दाबलेला राहतो आणि प्लेट घसरून जळते. फोर्कपाशीही रिलीज बेअरिंगसाठी थोडी मोकळीक ठेवली.

पाचवी गोष्ट, नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर नेली, आणि क्लचच्या तेलाची टाकी ब्रेकच्या टाकीपासून वेगळी ठेवली. एकच टाकी ठेवली आणि क्लचची नळी गळू लागली तर ब्रेकचे तेलही जाईल. चार पैसे वाचवण्यासाठी असा धोका कोणी पत्करू नये.

तेल आणि हवा

यात इंजिन ऑईल चालत नाही. सिलिंडरमधील रबरी सील त्याने फुगतात. ब्रेकचेच तेल वापरतात. सील कोणत्या तेलासाठी बनवले आहेत ते पाकिटावर पाहून तेच तेल घ्यावे. नेहमीचे ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून उघडी बाटली ठेवू नये. ते गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उठतो. डोळ्यांत जाऊ देऊ नये.

तेल भरल्यावर पेडल मऊ लागले. कारण नळीत हवा होती. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, हवा सहज दाबली जाते. चालकाचा पाय हवेचे बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो. म्हणून स्लेव्हवरील निप्पल उघडून हवा काढावी लागते. एका मुलाने पेडल हळू दाबून धरायचे, दुसऱ्याने निप्पल अर्धा वळसा उघडायचे, निप्पलला जोडलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे बाहेर आले की निप्पल बंद करायचे, आणि त्यानंतरच पेडल सोडायचे. हा क्रम चुकला तर हवा परत आत जाते. पंधरा-सोळा वेळा केल्यावर नळीत एकसंध तेल दिसू लागले. मुले दाब, धर, सोड असे एका सुरात ओरडत होती.

आता जीप कुठे आहे?

शेतावर आहे. पूर्ण पावसाळा दादांनी ती स्वतः चालवली. गुडघा बरा झालेला नाही, तो क्लचने बरा होणारही नव्हता. परंतु डॉक्टरांना आम्ही १७ आणि ११ हे दोन आकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “जवळपास चालवा, घाट चढू नका.” दादांनी तेवढे मान्य केले आहे. दर पंधरा दिवसांनी ते टाकीतील तेलाची पातळी पाहतात. ती कमी झाली तर कुठेतरी गळती आहे असे समजायचे. तारेचा क्लच तुटण्याआधी कुरकुर करतो, तेलाचा क्लच गळतीनेच इशारा देतो. तो वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते.

दोन सूचना. वाहनात बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत, म्हणून असे काम करण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे. आणि हे काम जाणत्या मेस्त्रीच्या देखरेखीखालीच करावे. जीपखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये, खाली भक्कम घोड्या लावाव्यात.

आणखी एक गोष्ट घरी मोठ्या माणसांना सांगा. रुळांवर गाडी बंद पडली तर प्रथम सर्व प्रवाशांनी उतरून लांब व्हावे आणि गेटमनला कळवावे. क्लच तुटलेली जुनी गाडी बाहेर काढायची असेल आणि ढकलायला माणसे नसतील, तर पहिल्या गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारल्यास ती स्टार्टरच्या जोरावर चार-सहा हात सरकते. नव्या अनेक गाड्यांत मात्र क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर चालतच नाही. गाडीपेक्षा माणूस मोठा, हे सर्वांत आधी लक्षात ठेवावे.

करून पाहा

सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्या, एक ५ मिली व एक २० मिली. दोघींना बारीक पारदर्शक नळीने जोडा आणि आत पाणी भरा, हवा राहू देऊ नका. लहान पिचकारीचा दट्ट्या ४ मिली दाबा. मोठ्या पिचकारीचा दट्ट्या किती मिमी सरकला? पट्टीने मोजा. आता दोन मित्रांनी दोन दट्टे एकाच वेळी दाबा. कोण जिंकतो? नंतर नळीत मुद्दाम एक मोठा बुडबुडा ठेवून हाच प्रयोग करा आणि फरक लिहा.

स्वाध्याय

(१) मास्टर ५/८ इंची आणि स्लेव्ह ३/४ इंची घेतला तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर किती? पेडलची तरफ ५ पट असताना १५ मिमी चालीसाठी पेडल किती खाली जाईल?
(२) याच जोडीत पेडलवर घर्षणाशिवाय किती जोर लागेल? ७/८ इंची स्लेव्हच्या उत्तराशी तुलना करा आणि काय आढळले ते एका वाक्यात लिहा.
(३) जुन्या जोडणीची कार्यक्षमता ९ ÷ १७ धरल्यास ती किती टक्के येते? नव्या जोडणीची किती?
(४) तुमच्या घरच्या स्कूटर किंवा मोटारसायकलचा क्लच तारेचा आहे की तेलाचा? तार असल्यास ती कोठे घासते ते पाहून या.

उत्तरे वहीत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत. आणि वर्गात हिशेब चुकीचा वाटला तर हात वर करावा. फळ्यावर मुख्याध्यापक उभे असले तरी.